अग्निशमन दलातल्या जुन्याजाणत्या अधिकाऱ्यांकडून आपण काय शिकून घ्यायचं?

रानपाखरू | 14 एप्रिल, सकाळी 8:10

आज आंबेडकर जयंती. सगळ्यांना जय भीम आणि शुभेच्छा.

याच तारखेची आणखी एक आठवण आहे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि त्यांच्या जोडीला कापसाच्या गासड्या. दुपारी चार वाजून गेल्यावर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. म्हणून देशभर आजपासून 20 तारखेपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत मुंबई दलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. स्टेशन ऑफिसर म्हणून लागले, नागपूरला शिकले, पुढे नव्या भरतीच्या मुलांना शिकवलं आणि डिव्हिजनल ऑफिसर होऊन निवृत्त झाले. गप्पा मारायला बसलं की आपण काय विझवलं, कुणाला वाचवलं हे ते जवळजवळ बोलतच नाहीत. बोलतात ते त्यांनी तयार केलेल्या पोरांबद्दल. कोण कुठल्या केंद्रावर आहे, कोणाची बढती झाली, कोणाचा गुडघा कामातून गेला. हल्ली शाळांत आणि सोसायट्यांत जाऊन फुकट प्रात्यक्षिकं देतात.

गेल्या सर्वसाधारण सभेत ते म्हणाले, आपल्या इमारतीत एक ड्रिल घेऊ. उत्तर मिळालं, "फॉर्म बी भरलाय ना, मग हे कशाला?" (फॉर्म बी म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला.) मला फार वाईट वाटलं.

माझे प्रश्न दोन. या सेवेत चांगलं नेतृत्व कशाला म्हणायचं? आणि तीस-पस्तीस वर्षं आगीशी खेळलेल्या माणसाचं ज्ञान तो निवृत्त झाल्यावर आपण वापरायचं कसं? जाणकारांनी लिहावं.

चिंचगूळ | 8:32

चांगला धागा. आमच्या शाळेत एकदा असेच एक साहेब आले होते. "धूर दिसला तर काय करायचं?" म्हटल्यावर सगळा वर्ग "पळायचं!" म्हणून ओरडला. साहेबांनी सगळ्यांना जमिनीवर पालथं पाडून कोपरांवर रांगायला लावलं. गणवेशाची वाट लागली, पण धूर वर चढतो आणि श्वास घेण्यासारखी हवा खाली राहते हे मी आजवर विसरलेलो नाही.

वॉचरूम | 9:15

मी दलातच आहे, त्यामुळे मोघम लिहितो.

बाहेरच्यांना वाटतं की नेता म्हणजे सगळ्यांत पुढे ब्रांच (पाण्याच्या पाइपचं तोंड) धरून उभा असलेला माणूस. आमच्याकडे ते काम तीन वर्षं नोकरी झालेला फायरमनही चोख करतो. वर्दीवर, म्हणजे बोलावणं आलेल्या ठिकाणी, पोचल्यावर अधिकाऱ्याने करायचं पहिलं काम म्हणजे बघणं. धूर कुठल्या रंगाचा आहे, तो जोरात ढकलल्यासारखा येतोय की आळसावल्यासारखा. कुठल्या खिडक्यांच्या काचा अजून शाबूत आहेत. जिना कुठे, वीज तोडली का, आत कोण आहे हे नक्की कोणाला माहीत आहे. हे तो एका मिनिटात बघतो, आणि त्या मिनिटात खालून लोक शिव्या देत असतात की "नुसते उभे काय राहिलात!"

दुसरं काम मोजणं. आत जाणाऱ्याच्या पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वासासाठी हवेची बाटली, असतो. सहा लिटरची बाटली, 300 बारला भरलेली. कागदावर ती पाऊण तास चालते. पण जिने चढून, होज (पाण्याचा पाइप) ओढून, धापा टाकत काम करणाऱ्याला ती वीस-पंचवीस मिनिटांतही संपते. दाब साधारण 55 बारवर आला की शिट्टी वाजते. आमच्या उस्तादांचा नियम असा होता की शिट्टी वाजेल तेव्हा तू दारात असला पाहिजेस, खोलीच्या मध्यावर नाही. म्हणून आत जाताना टॅली (ज्याच्या-त्याच्या नावाची पट्टी) बाहेरच्या बोर्डावर लागते. नाव, दाब, वेळ. बाहेरचा माणूस घड्याळ बघत राहतो आणि वेळ झाली की आत मूल रडत असलं तरी त्या जवानाला परत बोलावतो, त्याच्या जागी दुसरी जोडी पाठवतो. हे ज्याला जमतं त्याच्या हाताखाली मी कुठेही जाईन.

काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या हाताखालच्या पोरांपैकी मी असेन-नसेन, पण शिकवणारे असेच असतात.

भुलेश्वरी | 10:02

वॉचरूम, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, कारण आम्ही काळबादेवीच्या परिसरातले.

9 मे 2015, शनिवार. गोकुळ निवासला आग लागली तेव्हा आमची सगळी गल्ली रस्त्यावर होती. रहिवासी बाहेर निघाले आणि मग इमारत कोसळली. सहायक विभागीय अधिकारी संजय राणे आणि केंद्र अधिकारी महेंद्र देसाई त्याच दिवशी गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर भाजले होते. काही दिवसांच्या अंतराने तेही गेले. शहराच्या दलाचा प्रमुख स्वतः त्या बोळात होता. आमच्याकडे अजून कोणी म्हातारं माणूस अग्निशमन दलाची गाडी गेली की हात जोडतं.

तुम्ही विचारलंत नेतृत्व कशाला म्हणायचं. मला विचाराल तर याला.

तर्कटराव | 10:40

भुलेश्वरी, त्या चौघांबद्दल माझ्याही मनात आदरच आहे, म्हणूनच हे लिहितोय. दलातले चार वरिष्ठ अधिकारी एकाच वेळी एकाच इमारतीच्या धोक्याच्या पट्ट्यात असणं, हे आपण 'शौर्य' म्हणून गौरवलं की पुढच्या पिढीला चुकीचा धडा जातो. प्रमुखाने मागे राहून संपूर्ण चित्र सांभाळायचं असतं. चार माणसांबरोबर मिळून शंभरेक वर्षांचा अनुभव एका संध्याकाळी गेला, तो कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात परत मिळत नाही.

भुलेश्वरी | 10:51

तुम्ही आमची गल्ली पाहिली आहे का? तिथे 'मागे राहणं' म्हणजे समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहणं. धोक्याचा पट्टा म्हणजे अख्खा रस्ताच.

वॉचरूम | 11:30

दोघांचंही खरं आहे.

नवीन लोकांसाठी थोडं तांत्रिक. जुन्या मुंबईतल्या त्या इमारतींचा सांगाडा लाकडी असतो, काही ठिकाणी लोखंडी गर्डर. लाकूड बाहेरून कोळसा होत आत बारीक होत जातं. लोखंड जळत नाही, पण 550 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते आणि ते वाकतं. त्यात आपणच ओततो ते पाणी. एका ब्रांचमधून मिनिटाला काही शे लिटर जातं, म्हणजे तेवढेच किलो. खालच्या मजल्यांवर कापडाची गोदामं असतील तर ते पाणी वाहून जात नाही, गठ्ठे ते पिऊन बसतात. आग विझत आल्यासारखी दिसते आणि इमारत मात्र पहिल्यापेक्षा जड आणि अशक्त झालेली असते. हे बाहेरून डोळ्यांनी ओळखणं आमच्या धंद्यातलं सगळ्यांत कठीण काम आहे.

गोकुळ निवासनंतर इमारत पडण्याच्या धोक्यावर आमच्यात पूर्वीपेक्षा खूप जास्त बोललं जातं. प्लास्टर पडायला लागणं, दारं चौकटीत अडकणं, भिंतीतून येणारा कुरकुर आवाज, वाकलेली रेषा. ही लक्षणं आता नव्या मुलांना पहिल्यापासून घोकून घेतात. त्या चौघांनी मरून शिकवलं असं कोणी म्हटलं की मला राग येतो. ते जिवंतपणी उत्तम शिकवत होते.

तर्कटराव | 11:44

शेवटचं वाक्य मनापासून पटलं. माझा मुद्दा एवढाच की धाडसाच्या गोष्टी आपण सांगतो, तसं माणसं वेळेत बाहेर काढणाऱ्या अधिकाऱ्याबद्दलही सांगायला हवं. त्याची बातमी होत नाही, कारण काही घडलेलं नसतं.

ढब्बूमिरची | 12:05

वातावरण जरा हलकं करतो. आमच्या आजीने एकदा झाडावर अडकलेल्या मांजरासाठी 101 लावला होता. गाडी आली, शिडी लागली, जवान वर गेला आणि मांजर आपणहून दुसऱ्या बाजूने उतरून घरात जाऊन बसलं. आजीने जवानांना बसवून कांदेपोहे खायला घातले. जाताना त्यांच्यातला मोठा म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी मांजर नसलं तरी चालेल, पण आधी जिन्यातली ती रद्दी काढा." आजीने त्याच दिवशी काढली. मुलगा सहा महिने सांगत होता, त्याचं ऐकलं नव्हतं.

काटेकोर | 12:38

मूळ प्रश्नातल्या फॉर्म बीबद्दल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 नुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे आपल्या बाबतीत सोसायटीची आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी द्यायचा असतो. तो यंत्रणेबद्दल आहे. पंप सुरू होतो, रायझरला (मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपला) दाब आहे, अलार्म वाजतो. अलार्म वाजल्यावर सहाव्या मजल्यावरच्या देशपांडे आजींना कोण खाली आणणार, हे त्यात कुठेच येत नाही. तेव्हा "फॉर्म बी भरलाय" हे ड्रिल नको म्हणायचं कारण होऊच शकत नाही.

पण एक सावधगिरीही सांगतो. निवृत्त अधिकारी सल्लागार म्हणून एखाद्या एजन्सीशी जोडले गेले असतील तर सोसायटीने ते आधीच विचारून घ्यावं. ड्रिल घेणारा आणि उपकरणं विकणारा एकच नसावा.

रानपाखरू | 12:50

काका कुठल्याच एजन्सीशी जोडलेले नाहीत. चहाही स्वतःच्या घरून थर्मासमधून आणतात.

काटेकोर | 12:53

मग सोसायटीचं भाग्य आहे. सोडू नका त्यांना.

वऱ्हाडीठेचा | 1:20

नागपूरचं नाव निघालं म्हणून आलो बाप्पा. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आमच्या गावात 1957 पासून आहे. सुरुवात 1956 मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला झाली होती. देशभरातले अधिकारी इथे शिकून जातात. आमचं घर जवळच, लहानपणी सकाळी कवायतीच्या शिट्ट्यांनी जाग यायची.

तिथे शिकलेला माझा मामेभाऊ सांगतो, मे महिन्याच्या नागपुरी उन्हात होज खांद्यावर घेऊन धावायचं, कपलिंग जोडायचं, पाणी सोडायचं, परत गुंडाळायचं. मग तेच डोळ्यांवर पट्टी बांधून. पहिले काही दिवस त्याला वाटायचं, इंजिनीअर होऊन हे काहून करू? कारण पुढे कळलं. ज्याने स्वतः ओल्या होजचं वजन ओढलं नाही त्याला किती माणसं लागतील याचा अंदाज येत नाही, आणि मग तो तिघांच्या कामाला दोघांना पाठवतो.

आणि आमच्या अभिमानाची गोष्ट म्हणजे त्या महाविद्यालयात 2002 मध्ये प्रवेश घेणारी पहिली मुलगी नागपूरचीच, हर्षिनी कान्हेकर. तोवर तिथे फक्त मुलंच होती. आता मुंबई दलातही मुली शिडीवर दिसतात.

चिंचगूळ | 1:31

डोळ्यांवर पट्टी बांधून कपलिंग! घरच्या गॅसचा रेग्युलेटर तरी आपल्याला अंधारात बंद करता येतो का?

पंचगंगाकाठ | 2:15

कोल्हापूरकडनं नमस्कार. आमच्याकडं अग्निशमन म्हटलं की लोकांना आग कमी आणि पूर जास्त आठवतोय. 2019 च्या ऑगस्टात आमचा भाग आठवडाभर पाण्यात होता. दलातला एक तांडेल (जवानांच्या तुकडीचा म्होरक्या) आमच्या गल्लीत बोट घेऊन आला. बोटीत बसायला झुंबड उडाली, लोकं पोरं वर फेकायला लागली. तो काय केला, तर बोट दहा फूट मागं घेतली आणि शांतपणे म्हणाला, "मी परत येणार हाय. आधी म्हातारी, गरवार बायका आणि लेकरं. जॅकेट घातल्याबिगर कोण बसणार न्हाई." तरण्या पोरांनी आरडाओरडा केला, पण त्यानं बोटीतल्या माणसांचा आकडा मोडला न्हाई. त्याच दिवसांत सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला जादा माणसं बसल्यानं बोट उलटून माणसं बुडाली ते सगळ्यास्नी ठाऊक हाय. त्या तांडेलाचं 'न्हाई' म्हणणं किती मोठं होतं हे आम्हाला त्यानंतर कळलं.

पूर ओसरल्यावर त्यानंच आमच्या तालमीतल्या पोरांना जमवून दोरीच्या गाठी, जॅकेट, बुडत्याला कसं धरायचं हे शिकवलं. 2021 ला पाणी आलं तवा पहिले दोन तास आमच्या पोरांनीच काढले. ह्याला म्हणत्यात समाजसेवा.

वॉचरूम | 2:40

पंचगंगाकाठ, बोट मागे घेणारा तांडेल! अशा माणसाला मी उभं राहून सलाम करीन.

परिचारिका_ताई | 3:30

मी नर्स आहे. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या नवजात कक्षातल्या आगीत दहा बाळं गेली. ते आम्हा सगळ्यांच्या काळजाला लागलं होतं. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी झाली.

आमच्या रुग्णालयात त्या वेळी एक निवृत्त अग्निशमन अधिकारी आले. त्यांनी आधी आम्हालाच विचारलं, "तुमच्या वॉर्डात रात्री किती जणी असता? त्यांतल्या किती जणी एका वेळी किती बाळं उचलू शकता?" कोणीही हे आम्हाला कधी विचारलं नव्हतं. मग त्यांनी चादरीवरून पेशंट ओढत न्यायला शिकवलं. एकटी बारीक मुलगीसुद्धा जाड्या माणसाला ओढू शकते हे पाहून आम्ही चकित झालो. बाळांसाठी मोठ्या खिशांचा एप्रन शिवून घेतला, एकीला एका वेळी एकाहून जास्त बाळं नेता येतात. खाली जिन्यावरून पळवत सुटायचं नाही, आधी त्याच मजल्यावर धूररोधक दारापलीकडे न्यायचं. ऑक्सिजनचा वॉर्डातला व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो बंद करायचा निर्णय कोण घेणार, हे नावासकट भिंतीवर लावलं.

हे सगळं त्यांनी रात्रपाळीत येऊन शिकवलं. म्हणाले, दिवसा तुम्ही पन्नास जणी असता, मला त्या तिघींना शिकवायचंय.

तर्कटराव | 3:42

"मला त्या तिघींना शिकवायचंय." ताई, आतापर्यंतचा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

राइनकाठी | 5:10

जर्मनीतून लिहितेय. इथे मोठ्या शहरांत पगारी दल असतं, पण आमच्यासारख्या लहान गावात अग्निशमन दल म्हणजे गावकरीच. बेकरीवाला, शिक्षिका, सुतार. पेजर वाजला की कामावरून निघतात आणि मालकाने सोडावंच लागतं, तसा कायदा आहे. मी दोन वर्षांपूर्वी मूलभूत प्रशिक्षण घेऊन सामील झाले. मुलगा दहा वर्षांचा झाल्यावर मुलांच्या तुकडीत जाऊ लागला.

आमच्या तुकडीत एक आजोबा आहेत. वयामुळे ते आता वर्दीवर येत नाहीत, पण सरावाच्या संध्याकाळी न चुकता हजर. गाठ चुकली की काही बोलत नाहीत, फक्त सोडवून परत हातात देतात. दल त्यांना निवृत्त मानतच नाही. रानपाखरूंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. इथे त्यांच्या ज्ञानाला ठरलेली जागा आणि ठरलेला वार आहे. आपल्याकडे नागरी संरक्षण दल आहे, आपत्तीत मदतीसाठी स्वयंसेवक तयार करणारी आपदा मित्र योजना आहे. तिथे या लोकांना शिकवायला कायमचं का बोलावू नये?

ढब्बूमिरची | 5:25

एक अवांतर प्रश्न. घरात गॅसचा वास आला तर एक्झॉस्ट फॅन लावायचा ना?

वॉचरूम | 5:31

अजिबात नाही!! कुठलंही बटण चालू नाही आणि बंदही नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, सगळे बाहेर, आणि फोन बाहेर जाऊन. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, त्यामुळे बाल्कनीचं दार उघडायचं. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो, त्यामुळे वरच्या खिडक्याही उघडायच्या.

ढब्बूमिरची | 5:34

धन्यवाद. बायकोला आत्ता वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी पंधरा वर्षं हेच सांगतेय :)

काटेकोर | 6:02

अवांतर चाललंच आहे तर. कृपया सर्वांनी आज घरी जाताना आपापल्या इमारतीत एवढं पाहावं की जिन्याचं दार विटेने उघडं अडकवलंय का, इलेक्ट्रिक डक्टमध्ये झाडू आणि चपला आहेत का, आणि गाडी वळायच्या जागेत कोणाची कार लावलेली असते. तिसऱ्यावरून भांडण होईल, तयारीने जा.

भुलेश्वरी | 6:20

आमच्याकडे वळायची जागाच नाही. म्हणून दलातल्या जुन्या माणसांनी आमच्या गल्लीतल्या मुलांना हायड्रंट (आगीसाठीचे पाण्याचे नळ) कुठे आहेत ते दाखवून ठेवलंय, आणि त्यांच्यावर कोणी टपरी टाकू देत नाही. तेवढं तर आपण करूच शकतो.

रानपाखरू | 9:45

सगळ्यांचे आभार. संध्याकाळी काकांना अख्खा धागा वाचून दाखवला. काळबादेवीचा भाग आला तेव्हा ते उठून गॅलरीत गेले, काकांनी त्या अधिकाऱ्यांबरोबर काम केलं होतं. परत आल्यावर वॉचरूम यांना निरोप दिला: "बोर्डावर उभा राहणाऱ्याला कधी हलवू नकोस म्हणावं, कितीही माणसं कमी पडली तरी."

तर्कटराव, तुमच्या मुद्द्यावर ते म्हणाले की त्यांच्या नोकरीतला सगळ्यांत अवघड हुकूम 'आत जा' हा कधीच नव्हता. 'बाहेर या' हा होता, कारण तो दिल्यावर पोरं चिडलेली असायची आणि खाली कोणाचे तरी नातेवाईक उभे असायचे.

आता कामाचं. काटेकोर यांचा प्रतिसाद छापून सचिवांना नेऊन दिला. ते ड्रिलला तयार झाले आहेत, रविवारी सकाळी अकराला. पण परिचारिका ताईंचं वाचून काका म्हणतात रात्री घेऊ, कारण खरे सगळे घरात तेव्हाच असतात. सचिव म्हणतात रात्री ज्येष्ठांना त्रास होईल. काय करावं?

परिचारिका_ताई | 10:05

दोन्ही करा. रविवारी सकाळी सगळ्यांना जिने आणि जमायची जागा दाखवा, ज्येष्ठांना खुर्चीवर बसवून एक मजला उतरवून पाहा. त्यांनाच विचारा की कसं धरलेलं सोसतं. मग आठवड्याने रात्री साडेनऊला फक्त अलार्म वाजवा. ज्येष्ठांनी घरातच थांबायचं. त्यांच्या दारापाशी ठरलेली दोन माणसं किती वेळात पोचतात तेवढंच बघा.

वॉचरूम | 10:12

हेच. आणि त्या दोघांपैकी एक गावाला गेला असेल हे धरून तिसरं नाव लिहा. रविवारी माझी सुट्टी आहे. काकांची हरकत नसेल तर मी येतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रानपाखरू | 10:14

व्यनि केला आहे. काका म्हणतात, दहालाच या, आधी पंप बघू.